व्यसन आणि उदासी : मदत घराजवळही मिळू शकते

वाचकहो, प्रथम एका काकूंची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकूंचे वय बहात्तर. दर महिन्याला रक्तदाब तपासण्यासाठी त्या माझ्या दवाखान्यात येत. गोळ्या वेळेवर घेत, जेवणात मीठ कमी, लोणचे-पापड बंद; तरीही रक्तदाब आटोक्यात येत नव्हता आणि रात्री झोप लागत नव्हती. मी औषधाची मात्रा वाढवली, पुढे झोपेची गोळी लिहून दिली. असे दीड वर्ष चालले. एके दिवशी चिठ्ठी घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, मुलगा घरी येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही हो. आला तर कसा येईल याची भीती, आणि नाही आला तर त्याहून मोठी."

मुलगा पन्नाशीला आलेला, रोज दारू पिणारा. दीड वर्षात मी काकूंना मिठाविषयी किती वेळा विचारले याची गणती नाही. परंतु घरात कोणी दारू पिते का, हे एकदाही विचारले नव्हते. ती चूक माझी होती. त्यानंतर मी या विषयावरील संशोधन नव्याने वाचू लागले. त्यात मला जे सापडले, ते आपल्यापर्यंत पोहोचावे यासाठी हा लेख.

दुखणे घरोघरी, उपचार मोजक्यांना

दारूचे व्यसन किंवा मनाची उदासी घरात शिरली की आपण बहुधा दोनच मार्ग पाहतो. एक म्हणजे लोक काय म्हणतील या धास्तीने सारे झाकून ठेवणे. दुसरा म्हणजे अगदी हाताबाहेर गेल्यावर दूरच्या केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयात दाखल करणे. मधली कित्येक वर्षे कोणत्याही मदतीविना जातात.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. दारूमुळे विकार जडलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे त्यात आढळले. २०१९ साली दिल्लीच्या एम्सने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींमागे जेमतेम एकाला उपचार मिळाले होते. याचे एक कारण उघड आहे. मनोविकारतज्ज्ञांची संख्या अपुरी आहे आणि ते मुख्यतः शहरांत आहेत. मग तज्ज्ञ येईपर्यंत वाट पाहत बसायचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात शोधले गेले.

गोव्यातील प्रयोग

'संगत' ही संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्याचे काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे एक साधी कल्पना कसोटीला लावली : त्याच परिसरातील, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना नीट प्रशिक्षण दिले, तर त्यांना समुपदेशन करता येईल काय?

दारूविषयीच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, अपायकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा त्यात समावेश होता. कोण किती पितो हे ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची, चाळीस गुणांची प्रश्नावली वापरली होती. निम्म्या लोकांना केंद्रातील नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना त्याखेरीज समुपदेशकाच्या जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येक भेट सुमारे अर्ध्या-पाऊण तासाची.

या भेटींत उपदेश नव्हता. पहिल्या टप्प्यात पिण्याचा शरीरावर, पैशांवर आणि घरावर काय परिणाम होतो आहे, हे त्या माणसाकडूनच बोलून घ्यायचे आणि पुढे काय बदलायचे हेही त्यालाच ठरवू द्यायचे. दुसऱ्या टप्प्यात मित्रांच्या आग्रहाला नकार कसा द्यावा, राग आणि चिंता कशी हाताळावी, हे शिकवायचे. तिसऱ्यात पुन्हा पाय घसरू नये याची तयारी करून घ्यायची. समुपदेशक एकमेकांच्या भेटींची ध्वनिमुद्रणे ऐकत आणि कोठे चुकले, कोठे जमले हे परस्परांना सांगत.

तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष अपायकारक पातळीच्या खाली आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. आधीच्या चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले पहिल्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्यात १८ टक्के होते. वर्षभरानंतरही हा फरक टिकून होता.

याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. चार भेटींनी सर्वांचीच दारू सुटली नाही. ज्यांचे पिणे चालू राहिले, त्यांच्या दारूचे रोजचे प्रमाण या भेटींनी कमी झाल्याचे दिसले नाही, तसेच पत्नीला होणाऱ्या मारहाणीतही फरक आढळला नाही. म्हणून घरात हिंसा होत असेल, तर 'आधी दारू सुटू दे, मग पाहू' असे म्हणून थांबू नये. त्यासाठी स्वतंत्रपणे आणि तातडीने मदत घ्यावी.

उतारवयातील उदासी

दुसरा प्रयोग आपल्या वयाच्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. गोव्यातच डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी साठ वर्षांवरील १८१ व्यक्तींवर तो केला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. या व्यक्तींना नैराश्याचा आजार अद्याप जडलेला नव्हता, मात्र त्याची सौम्य लक्षणे होती. प्रशिक्षित समुपदेशकांनी त्यांना चार गोष्टींत मदत केली : रोजची अडचण लहान तुकड्यांत मांडून सोडवणे, झोपेच्या सवयी सुधारणे, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी घेणे आणि वैद्यकीय व सामाजिक योजनांचा लाभ मिळवणे.

वर्षभरात ही मदत मिळालेल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्याचा आजार झाला; न मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना. म्हातारपणी उदास वाटायचेच, अशी आपली समजूत असते. ती किती चुकीची आहे, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. तेथे नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे आधी केवळ ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. गावातल्याच माणसाने दार ठोठावले, तर लोक मोकळे होतात.

येथे मात्र डॉक्टरच हवा

गोव्याच्या दारूविषयीच्या प्रयोगात 'ऑडिट'वर २० किंवा अधिक गुण मिळालेल्यांना घेतले नव्हते. त्यांचे शरीर दारूवर अवलंबून असण्याची शक्यता मोठी असते आणि अशा माणसाला केवळ समुपदेशन पुरत नाही.

आपल्याकडे गटारीपर्यंत भरपूर प्यायची आणि श्रावण लागताच एकदम बंद करायची, अशी प्रथा आहे. कोणी शपथ घालून, कोणी गळ्यात माळ घालून दारू सोडायला लावते. हेतू चांगला असतो. परंतु सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागते अशा माणसाची दारू अचानक तोडल्यास पहिल्या दिवसातच हात थरथरणे, घाम, अस्वस्थता सुरू होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम होणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, ताप येणे अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. अशा व्यक्तीने दारू सोडावी हे खरेच. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने सोडावी.

ज्येष्ठांनी आणखी एक लक्षात ठेवावे. वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढीच दारू अधिक चढते. झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची औषधे किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना ती अधिकच धोक्याची ठरते. 'थोडीशी, झोपेपुरती' घेत असाल, तर डॉक्टरांपासून ते लपवू नका.

आपण काय करू शकता?

घरातील व्यक्तीशी बोलायचे असल्यास ती शुद्धीवर असताना, शक्यतो सकाळी आणि चारचौघांत नव्हे, एकटीशी बोला. 'तू आम्हाला धुळीला मिळवलेस' असे म्हणण्याऐवजी 'काल रात्री तू येईपर्यंत मी जागी होते, मला भीती वाटली' असे म्हणा. एका वेळी एकच मागणी करा. उदाहरणार्थ, एकदा डॉक्टरांना भेटणे. त्याने उधारी केली म्हणून पेन्शनमधून ती फेडू नका, आणि कामावर खोटी कारणेही कळवू नका. कळवळ्याने केलेल्या या गोष्टींनी व्यसनाचे दिवस लांबतात.

डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपण होऊन सांगा. रक्तदाब आणि झोप यांच्यामागे घरातली काळजी असू शकते, हे सांगितल्याविना आम्हाला कळत नाही.

फोनवरूनही मदत मिळते. केंद्र शासनाची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि संकटातील महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. जीव द्यावासा वाटतो असे कोणी बोलून दाखवले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. हे क्रमांक देवघराजवळ किंवा दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

काकूंचा मुलगा तिसऱ्यांदा बोलावल्यावर दवाखान्यात आला. त्याला मी रागावले नाही. दहा प्रश्न विचारले. तो म्हणाला, "इतक्या वर्षांत असं शांतपणे कोणी विचारलंच नव्हतं." त्याची दारू सुटली, असे सांगता आले असते तर मला आनंद झाला असता. त्याने ती पुष्कळ कमी केली. दिवाळीत पुन्हा वाढली, आणि जानेवारीत तो आपण होऊन परत आला. मध्येच पाय घसरणे म्हणजे हरणे नव्हे, हे आता त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. काकूंची झोपेची गोळी बंद झाली आहे. आणि माझ्या टेबलावर रक्तदाबाच्या नोंदवहीशेजारी आता एक कागद असतो. येणाऱ्या प्रत्येकाला मिठाआधी विचारायचा प्रश्न त्यावर लिहिला आहे : घरी सगळे ठीक आहे ना?