घरी शिकणाऱ्या मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?



आपल्या सावंतवाडीच्या परिसरात हिंडताना अधूनमधून असे एखादे घर भेटते की, जेथे 14-15 वर्षांचा मुलगा किंवा मुलगी शाळेत न जाता घरीच अभ्यास करीत असते. कारणे निरनिराळी असतात. कोणाचे आजारपणात वर्ष बुडालेले असते, कोणाला एस.टी.ची वेळ जुळत नाही, कोणी नववीत नापास होऊन पुन्हा लहान मुलांत बसायला तयार नसते. एखाद्या घरी आईबापांनी विचारपूर्वकच मुलाला घरी शिकवायचे ठरवलेले असते. मग राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरला जातो किंवा मुक्त विद्यालयाची परीक्षा धरली जाते. मात्र चौदा वर्षांपर्यंत शाळा हा मुलांचा कायद्याने दिलेला हक्क आहे. लावणीला हात कमी पडतात म्हणून मुलीला घरी बसवणे, याला घरची शाळा म्हणत नाहीत. तशा घरांसाठी हा लेख नाही.

अशा घरी पाठ्यपुस्तके येतात, गाईड येतात, अपेक्षित प्रश्नसंच येतात. पण शाळेतल्या मुलाला आपोआप मिळणारी एक गोष्ट येत नाही. शाळेत बाईंनी एखादी कविता वाचली की तिच्यावर मधल्या सुट्टीत थट्टा होते, भांडण होते, कोणी घरून गोष्टीचे पुस्तक आणतो व ते हातोहात फिरते. घरी शिकणाऱ्या मुलाला हे सोबती नसतात. म्हणून त्याच्याबरोबर वाचणारे दुसरे कोणी असेल तर ते घरचेच माणूस असू शकते. सुपारीवरची कोळेरोग पाहायला म्हणून गेलो असता चहाच्या वेळी हाच प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, की मुलाला वाचायला काय देऊ? माझे उत्तर ठरलेले आहे. काय देऊ हा प्रश्न नंतरचा. आधी, आपण त्याच्याबरोबर काय वाचणार ते ठरवा.

यात नवे काही नाही. आपल्याच जिल्ह्यात, देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावी, 1812 साली बाळशास्त्री जांभेकर जन्मले. मुंबईला जाण्यापूर्वीचे त्यांचे सारे शिक्षण घरी, वडील गंगाधरशास्त्री यांच्यापाशी झाले. हाच मुलगा पुढे विसाव्या वर्षी, 6 जानेवारी 1832 रोजी, ‘दर्पण’ हे मराठीतले पहिले वृत्तपत्र काढता झाला. त्यात एका बाजूला मराठी व दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असे. त्या काळी पोथ्या शास्त्र्यांच्याच घरात असत, आणि काय वाचायचे ते वडील ठरवीत. आज पुस्तक कोणाच्याही घरात येऊ शकते. तेव्हा निवडण्याचा थोडा अधिकार मुलालाही दिला पाहिजे.

शास्त्र्यांचे घर सोडा, आपल्या आजोबांच्या ओटीवर श्रावणात काय चालत असे ते आठवा. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ किंवा ‘शिवलीलामृत’ लावलेले असे. एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे, बाकीचे ऐकत आणि मध्येच शंकाही काढीत. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायका अर्थ सांगणाऱ्याला अडवीत असत, कारण त्यांना कथा तोंडपाठ. पोथी लावण्याची ही रीत कादंबरीलाही लावता येते. लावणी आटोपली, पाऊस चालू आहे, लवकर काळोख पडतो आहे. रात्री जेवणापूर्वी अर्धा तास पुरे. वाचायचे मुलाने. मोबाईल तेवढा वेळ फडताळात.

आमच्या विस्ताराच्या कामात एक गोष्ट पक्की कळलेली असते. अधिकाऱ्याने सांगितले म्हणून कोणी सुधारित बियाणे पेरत नाही. शेजाऱ्याच्या कुणग्यात उभे पीक दिसले की मगच पेरतो. वाचनाचेही तसेच आहे. ‘वाचत जा रे’ असे बापाने शंभर वेळा सांगण्यापेक्षा त्याच्या उशाशी एक अर्धवट वाचलेले पुस्तक दिसणे जास्त उपयोगाचे.

येथे आईवर्ग म्हणतो, ‘‘माका काय कळता त्यातला?’’ या भगिनींना मी जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण देतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या जे रचून म्हणत, ते मुलगा सोपानदेव व एक नातलग यांनी टिपून ठेवले म्हणून 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, ते पुस्तकरूपाने बाहेर आले. त्या घरात देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली. आईपाशी शब्द होते, मुलापाशी लेखणी होती. तुमच्या घरातल्या ओव्या, म्हणी, भुताखेताच्या गोष्टी मुलाला लिहून काढायला सांगा. मराठीच्या पेपरातल्या निबंधालाही त्याचा फायदा होतो, पण तो वरचा.

आता निवडीबद्दल. आपल्या भागाइतके लेखक एका मुलखाला क्वचितच मिळाले असतील. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते व त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या तेथेच लिहिल्या गेल्या. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, चिं. त्र्यं. खानोलकर तेंडोलीचे, जयवंत दळवी आरवलीचे. आजही सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांना त्यांच्या कादंबरीसाठी 2022 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. गावाचे नाव ओळखीचे निघाले की मूल पुस्तक उघडते, हा माझा अनुभव आहे. खांडेकरांची भाषा मात्र आजच्या मुलांना जड वाटते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. तेथून सुरुवात करू नये. सुरुवात करावी ती दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’पासून. कोकणातल्या गावची माणसे, त्यांचे विक्षिप्तपण, हसता हसता लागणारी चुटपूट. हे पुस्तक मोठ्याने वाचले तर स्वयंपाकघरातून हसू येते. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ (1955) ज्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे त्यांनी अवश्य वाचावी. मुंबईच्या वाटेने गाव कसे रिकामे होते ते एक बाई, अंबूवहिनी, आपल्या तोंडाने सांगते. दांडेकरांनी स्वतः तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी घर सोडले होते. शाळा सुटलेल्या मुलाला हे जरूर सांगावे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ही त्याच वर्षाची. ती आकाराने लहान आहे, त्यामुळे ‘पुरी होते की नाही’ ही धास्ती राहत नाही. किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांना मी पु. ल. देशपांड्यांचे ‘एका कोळियाने’ सुचवतो. तो अमेरिकेच्या हेमिंग्वेच्या 1952 च्या पुस्तकाचा अनुवाद आहे, पण म्हातारा, होडी आणि मोठा मासा हे आपल्या मालवणलाही परके नाहीत.

खरी अडचण पुढे येते, म्हणजे मुलाने स्वतः निवडलेले पुस्तक आपल्याला पसंत नसते तेव्हा. आंबोलीच्या वाटेवरच्या एका गावात 15 वर्षांची मुलगी दीर्घ आजारानंतर घरी राहून दहावीची तयारी करीत होती. दळवींचे एक पुस्तक आवडले म्हणून तिने त्यांचेच ‘चक्र’ वाचायला आणवले. ही कादंबरी मुंबईच्या झोपडपट्टीतली. भूक, दारू, स्त्रीपुरुष संबंध सारे त्यात उघड आहे. 1981 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला व स्मिता पाटील यांचे काम गाजले. चार पाने चाळून बापाने पुस्तक पेटीत टाकले. मुलीने बोलणे बंद केले. आजारपणामुळे आधीच मैत्रिणी तुटलेल्या, त्यात हे. ती अभ्यासालाही हात लावीना. आई म्हणाली, ‘‘निदान तुम्ही तरी आख्खा वाचा, मगे काय ता बोला.’’ बापाने आठ रात्री बसून पुस्तक पुरे केले. ते बंद केल्यावर ‘चांगले आहे, पण तुला आत्ता नको, एक वर्षाने’ असे त्याने सांगितले व का नको तेही सांगितले. मुलीला ते पटले नाही. तिने वाद घातला, की या पुस्तकातली माणसे खरी आहेत तर ती मी सोळाव्या वर्षीच का पाहायची? पण घरात बोलणे सुरू झाले.

माझे मत विचाराल तर मी पुस्तक दिले असते आणि बरोबर वाचले असते. पुष्कळ वाचक बापाच्या बाजूने असतील, त्यांचेही चूक म्हणणार नाही. चार पाने पाहून पेटीत टाकणे मात्र कोणाच्याच हिताचे नाही. नांगरटीशिवाय जमिनीचा नमुना काढता येतो, वाचल्याशिवाय पुस्तकाचा काढता येत नाही. एक तडजोड मी अनेक घरांना सांगतो व ती चालते. एक पुस्तक वडीलमाणसाने निवडायचे, पुढचे मुलाने. दोन्ही पुस्तके दोघांनीही पुरी करायची. मुलाने रहस्यकथा निवडली तर आपणही ती नाक न मुरडता वाचायची. पन्नास पाने वाचूनही रस आला नाही तर सोडायची मुभा दोघांनाही असावी.

आणि वाचल्यावर प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. ‘यातून तू काय शिकलास?’ हा प्रश्न मुलाला पुस्तकापासून तोडतो. त्यापेक्षा ‘तू त्या माणसाच्या जागी असतास तर जमीन विकली असतीस का?’ असे विचारून पाहा, आणि आपले उत्तरही सांगा.

एवढी पुस्तके विकत घेणे कोणालाही परवडणारे नाही व तशी गरजही नाही. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर 1852 सालचे आहे. वर्गणी भरून सभासद झाले की बाजाराच्या दिवशी पुस्तक बदलून आणता येते. वेंगुर्ले, कुडाळ, मालवण येथेही जुनी वाचनालये आहेत, आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात काय पडले आहे ते एकदा कुलूप काढून पाहावे. कार्ड शक्यतो मुलाच्या नावाने काढावे. पुस्तक निवडायला त्यालाच कपाटापुढे उभे करावे, आपण बाहेर बाकावर बसावे.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वाचन मागे पडते. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. दशावतारात कथा ठरलेली असते, पण बोलणे नटाचे आयत्या वेळचे असते. तेथे लिहिलेले नाटक नाही. मुलाला पुढे बसवून आवडलेले संवाद सकाळी आठवून लिहायला सांगा. तुम्हीही तुमचे आठवून सांगा. दोघांच्या आठवणी जुळत नाहीत आणि त्यावरून दिवसभर वाद चालतो. जाड वही मात्र आधीच आणून ठेवावी, जत्रेत खाजे मिळते, वही मिळत नाही.