चार्जरवरची फुली मारलेली कचरापेटी काय सांगते?

तुमचा चार्जर उलटा करून बघा. बारीक अक्षरांच्या गर्दीत चाकं असलेल्या कचरापेटीचं चित्र आणि त्यावर फुली दिसेल. अर्थ सरळ आहे: ही वस्तू रोजच्या कचऱ्यात टाकू नका. काही बॅटऱ्यांवर त्या चित्राखाली 'पीबी' किंवा 'सीडी' अशी इंग्रजी अक्षरंही असतात. पीबी म्हणजे शिसं, सीडी म्हणजे कॅडमियम.

घरात कुठे काय असतं?

- शिसं: इन्व्हर्टरची बॅटरी, पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची काच, जुन्या सर्किट बोर्डवरचं सोल्डर
- पारा: सीएफएल, ट्यूबलाइट, काचेचा जुना थर्मामीटर
- कॅडमियम: जुन्या कॉर्डलेस फोनची निकेल-कॅडमियम बॅटरी

नव्या फोनमध्ये हे धातू फारच कमी असतात, कारण नियमांनी मर्यादा घातली आहे: शिसं आणि पारा ०.१ टक्का, कॅडमियम ०.०१ टक्का. फोनच्या लिथियम बॅटरीचा मोठा धोका वेगळाच आहे. कचरागाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते.

मग धोका नेमका कधी?

वस्तू अखंड आहे तोवर काळजी नाही. ती फुटली, जळली किंवा डम्पिंग ग्राउंडवर पावसात भिजत पडली की धातू हवेत, मातीत, पाण्यात उतरतात. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्यांच्या श्वासात तो धूर थेट जातो.

हे धातू शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. लहान मुलांचं शरीर ते मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषतं आणि त्याचा फटका मेंदूच्या वाढीला बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही. कॅडमियम मूत्रपिंडं आणि हाडं खराब करतं, तर पारा मज्जासंस्थेवर घाव घालतो.

काय करायचं?

- बॅटऱ्या, सीएफएल आणि ट्यूबलाइट ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्या.
- जुना फोन, चार्जर कंपनीच्या कलेक्शन सेंटरला किंवा अधिकृत रिसायकलरला द्या.
- इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच परत करा.
- सीएफएल फुटला तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा मिनिटं खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. तुकडे जाड कागदाने उचला, बारीक भुगा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा.

घरातला जुना ड्रॉवर आज एकदा उघडाच. फुगलेली बॅटरी दिसली तर आधी तिची सोय लावा. ती दाबू नका, टोचू नका आणि चार्जिंगला तर लावूच नका.