नवी की जुनी? एका छोट्या गाडीचा हिशोब

"ॲव्हरेज किती देते?"

आपल्याकडे गाडी कोणाचीही असो, पहिला प्रश्न हाच. लग्नाच्या मांडवाबाहेर, पेट्रोल पंपावर, आणि आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखाद्या सरांच्या नव्या गाडीभोवती जमलेल्या घोळक्यातसुद्धा! मीही हेच विचारायचे. पण २०२५ च्या दिवाळीत आमच्या घरी गाडी घ्यायचा विषय निघाला, आणि चार दिवस कागद-पेन घेऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नक्कीच नाही.

आमचं गाव कऱ्हाडपासून वीस किलोमीटर. आज्जीला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि प्रत्येक वेळी भाड्याची गाडी शोधा, ड्रायव्हरच्या वेळा सांभाळा. बाबांची एक एफडी पिकली होती, साडेतीन लाखांची. मामा म्हणाला, "दाजी, सप्टेंबरात छोट्या गाड्यांचा जीएसटी उतरलाय, नवीच घ्या." बाबांचं म्हणणं, "कर्ज नको, जुनी बघू." शेवटी दोघं माझ्याकडे वळले. "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग की!" तीन वर्षांत इंजिनाची सायकल शिकले, पण गाडी कशी घ्यायची हे कुठल्याच सबजेक्टमध्ये नव्हतं. तर जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आधी 'छोटी गाडी' म्हणजे काय ते बघू. २००६ च्या बजेटपासून सरकारी व्याख्या अशी : लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. अशा गाड्यांना कर कमी. म्हणून तर कित्येक गाड्यांची मागची बाजू कापल्यासारखी दिसते! २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वर सेस होता तो सरळ १८ टक्के झाला. मामा म्हणत होता ते खरंच होतं. पण नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो, कारण नवीच्या किमतीकडे बघूनच जुनीचा भाव ठरतो.

आता हिशोब. आकडे गोल धरले आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. समजा एकाच मॉडेलची गाडी. नवी घेतली तर ऑन-रोड ६ लाख. तीच पाच वर्षं जुनी घेतली तर ३ लाख. दोन्हीकडे बाबांचे ३ लाख रोख जाणार, आणि ५० हजार हातात राहणार. नवीसाठी उरलेल्या ३ लाखांचं कर्ज, ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी.

नवी : पाच वर्षांनी ती ३ लाखांना विकली जाईल. म्हणजे ३ लाखांची घट, वर्षाला ६० हजार. कर्जाचा हप्ता महिना सुमारे ६,२०० रुपये, आणि पाच वर्षांत एकूण व्याज सुमारे ७४ हजार, म्हणजे वर्षाला १५ हजारांच्या आसपास. एकूण वर्षाला ७५ हजार.

जुनी : आणखी पाच वर्षांनी ती १ लाख ४० हजारांना जाईल. घट १ लाख ६० हजार, वर्षाला ३२ हजार. सुरुवातीला टायर, बॅटरी, क्लच वगैरेसाठी ४० हजार धरा, वर्षाला ८ हजार. शिवाय नवीपेक्षा जास्तीचं मेंटेनन्स वर्षाला ७ हजार. एकूण ४७ हजार.

फरक वर्षाला २८ हजारांचा! आणि यात अजून कोणी किल्लीसुद्धा फिरवलेली नाही.

आता आपला लाडका ॲव्हरेज आणू. नवी लिटरला २० देते आणि जुनी १७ देते असं धरू, पेट्रोल १०५ रुपये. नवीला किलोमीटरमागे सव्वापाच रुपये, जुनीला सहा रुपये अठरा पैसे. फरक ९३ पैशांचा. आमचं फिरणं महिन्याला ५०० किलोमीटर, वर्षाला ६,०००. म्हणजे जुनीला पेट्रोल जास्त लागणार ते साडेपाच हजारांचं. फक्त ॲव्हरेजच्या जोरावर २८ हजार भरून काढायचे तर वर्षाला ३० हजार किलोमीटर गाडी पळवावी लागेल. म्हणजे रोज ८२ किलोमीटर, रविवार-दिवाळीसकट! आज्जी एवढी फिरत नाही.

ॲव्हरेजबद्दल आणखी एक. जाहिरातीतला आकडा हा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या वेगाच्या चक्रात मोजलेला असतो. तिथे खंबाटकी घाट नसतो, मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं नसतं. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडा घसरतोच. खरा आकडा हवा असेल तर टाकी फुल्ल करा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल करा आणि भागाकार करा. याला स्कॅनर-बिनर काही लागत नाही.

हिशोब दाखवल्यावर बाबा खूश. "मग आणखी जुनी घेऊ की! २०१४ ची दीड लाखात मिळते." इथे मात्र मी अडून बसले. कारण पहिला प्रश्न ॲव्हरेजचा नाही, तर "ही गाडी कुठल्या साली बनली?" हा आहे.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या बेसिक मॉडेल्सची ताशी ६४ किलोमीटर वेगाने टक्कर-चाचणी घेतली. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलत गेले. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागे अडथळा आला की वाजणारा सेन्सर आणि वेग वाढला की वाजणारी घंटी. आणि १ जानेवारी २०२२ पासून ड्रायव्हरशेजारच्या सीटलाही एअरबॅग. आमच्याकडे त्या सीटवर आज्जी बसते. त्यामुळे मी वहीत दोन तारखा लिहिल्या : जुलै २०१९ च्या आधीची गाडी बघायचीच नाही, आणि जमलं तर २०२२ ची किंवा त्यानंतरची. दीड लाख वाचवण्यासाठी एवढी मोठी गोष्ट सोडायची नाही. महिना लक्षात ठेवा हं. आरसीवर गाडी कधी बनली तो महिना आणि कधी पासिंग झालं ती तारीख वेगवेगळी असते. बघायचा तो बनल्याचा महिना.

मग गाड्या बघायला सुरुवात झाली. सांगलीकडच्या एका डीलरकडे २०२० ची गाडी होती. चकाचक पॉलिश, सीटवर नवे कव्हर, भाव दोन लाख साठ हजार. त्या मॉडेलच्या मानाने स्वस्त. बाबांनी भरात पाच हजार टोकन देऊनही टाकलं. दुसऱ्या दिवशी मी आणि आमच्या गावचे गॅरेजवाले अप्पा बघायला गेलो. डीलर सगळं अप्पांनाच समजावत होता, मी जणू फिरायला आले होते! अप्पा बॉनेटखाली वाकले आणि मला म्हणाले, "तू आत बस आणि सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढ."

मागच्या सीटचा पट्टा एरवी कोणी पूर्ण बाहेर काढत नाही. मी काढला. शेवटच्या हातभर भागावर वाळलेल्या गाळाची पिवळट रेघ होती.

गाडी पुरातली होती. जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा ती कुठेतरी पाण्यात उभी असणार. मग बाकीचंही दिसायला लागलं. सीटखालच्या नटबोल्टवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती, आणि एसी लावल्यावर कुबट वास. धुऊन-पुसून गाडी सुरू होते हो, पण पाणी वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलं की आतल्या पिना हळूहळू गंजतात आणि सहा महिन्यांनी, वर्षाने कधीही दगा देतात. सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास, फ्लोअरवर असतो. म्हणजे पाणी भरलं की आधी तोच बुडतो. ज्या एअरबॅगसाठी मी घरी भांडले होते, ती वेळेवर उघडलीच नसती. टोकनचे पाच हजार परत मिळाले नाहीत. बाबा दोन दिवस गप्प होते. पण अडीच लाख वाचले, आणि कदाचित त्याहून जास्त काही.

म्हणून जुनी गाडी बघायला जाताना काय करायचं, त्याची यादी देते :

१. मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर समजून घ्या. थंड इंजिन एका स्टार्टमध्ये लागलं पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. थांबतच नाही असा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरत असेल.

२. बॉनेटच्या आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे, म्हणजे पत्रा उघडला होता. काचांवर कोपऱ्यात सालाची खूण असते. एकच काच वेगळ्या सालाची असेल तर का बदलली ते विचारा.

३. टायरवर 'डीओटी' नंतर शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी वीस हजार किलोमीटर पळाली म्हणतात आणि टायर बदललेले, ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागा.

४. हे खास आपल्या लोकांसाठी. ओबीडी स्कॅनर ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो, मोबाइलला ब्लूटूथने जोडता येतो. फक्त फॉल्ट कोड बघून थांबू नका. 'रेडिनेस मॉनिटर' बघा. कोणी कालच कोड पुसले असतील तर हे मॉनिटर 'नॉट रेडी' दाखवतात. चेक इंजिनचा दिवा विझवता येतो, पण हे लपवणं अवघड.

५. कागद. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात, ती आधी भरायला लावा. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांची मुदत असते. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाचा आपल्याला मिळत नाही.

आणि घरची गाडी विकणाऱ्यांनीही ऐका. नुसत्या सह्या करून गाडी देऊन मोकळे होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. पुढे त्या गाडीने अपघात केला तर भरपाईसाठी नोटीस त्यालाच येते.

मग नवी कधी घ्यावी? रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर जाणं-येणं असेल तर. ओळखीचा भरवशाचा मिस्त्री नसेल आणि गाडी तपासायला कोणी नसेल तर. किंवा घरात एकटं माणूस रात्री-अपरात्री गाडी चालवणार असेल आणि वॉरंटीचा निवांतपणा हवा असेल तर. अशा वेळी वर्षाचे वीस-पंचवीस हजार जास्त गेले तरी त्याला उधळपट्टी म्हणता येणार नाही. फक्त ते आपण कशासाठी देतोय हे माहीत असावं.

आमची गोष्ट संपवते. पुढच्या महिन्यात ओळखीतून एका निवृत्त मास्तरांची गाडी मिळाली. मार्च २०२२ ला बनलेली, एकाच मालकाची, सर्व्हिसची प्रत्येक पावती फायलीत लावलेली. भाव ३ लाख १५ हजार, पैसा कमी करायला तयार नाहीत. मी सगळे पट्टे ओढून बघितले तेव्हा मास्तर हसले आणि म्हणाले, "बाळ, आता स्टेपनीपण बघ." बाबांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. चार टायर गोटा झाले होते, ते तेवढे बदलले. आज्जी पुढच्या सीटवर बसते आणि पट्टा लावायला अजूनही कुरकुर करते, पण लावते.

स्कॅनर माझ्या रूमवर आहे. घरी कोणी गाडी बघत असेल तर घेऊन जा. फक्त परत आणून द्या!