चाची बसली, चाची उठली

“तू घरीच आहेस ना?”

फोनवर सलाम झाला की पुढचा प्रश्न हाच असतो. घरीच आहेस तर शेजारच्यांचे पार्सल घेऊन ठेव. घरीच आहेस तर गॅसवाल्याला थांबव. नणंदेला बँकेत जायचे आहे, तिचे बाळ तासभर तुझ्याकडे राहील. घरात असणे म्हणजे मोकळे असणे, हे आपल्याकडे इतके ठरून गेले आहे की नाही म्हणायला आमच्या जिभेवर शब्दच येत नाही. कारण खरेच, आम्ही घरीच असतो.

आम्ही म्हणजे चिपळूणजवळच्या एका गावातल्या दोघी जावा. घरात सासू-सासरे, दोघींची मिळून पाच मुले. दोघींचेही मालक कतारला. कोकणातल्या आपल्या किती घरांची हीच गोष्ट आहे, ते वाचक भगिनींना सांगायला नको.

गेल्या वर्षी आमच्यापैकी धाकटीने मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. बारावी झाल्यावर लग्न झाले, शिक्षण राहिले, ते आता पुरे करायचे असे तिच्या मनात होते. घरात कोणी अडवले नाही. फीचे पैसे तिच्या मालकांनी पहिल्याच महिन्यात पाठवले आणि फोनवर म्हणाले, “दिवसभर घरातच असतेस. अम्मी आहेत, भाभी आहेत. रोज दोन पाने वाचलीस तरी वर्ष निघेल.”

हिशेब चुकीचा नव्हता. दोन पाने म्हणजे अर्धा तास. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुस्तक तेविसाव्या पानावर होते आणि त्या पानावर हळदीचा डाग पडला होता. अभ्यासकेंद्रात द्यायचा गृहपाठ कोराच. एके रात्री भांडी घासता घासता ती म्हणाली, “वेळ तर आहे, भाभी. मीच आळशी आहे.”

पहाटे फजरच्या आधी उठणारी आणि रात्री सगळे झोपल्यावर ओटा पुसणारी बाई स्वतःला आळशी म्हणते, तेव्हा कुठेतरी हिशेब चुकतो आहे हे नक्की. तो तपासायचा ठरवला. पण दिवसभर वेळ लिहायचा कोणी? आमचे हात सदा ओले. मग मोठीची सातवीतली मुलगी पुढे आली. तिच्या अब्बांनी पाठवलेले नवे घड्याळ हातात होते, सुट्टी होती आणि असली कामे तिला फार आवडतात. तिने शंभरपानी वही घेतली आणि फजरपासून इशापर्यंत चाचीच्या मागे मागे फिरली. चाची काय काम करते ते लिहायचे नाही, फक्त चाची कधी बसते ते लिहायचे, असे तिचे तिनेच ठरवले.

वहीतल्या काही ओळी तिच्याच शब्दांत:

१०.४० चाची बसली. १०.४२ चाची उठली (मच्छीवाली आली).
११.५५ चाची बसली (लसूण सोलते). १२.०२ उठली (दूध).
२.५० चाची आडवी झाली. २.५८ उठली (फोन).
३.२० चाची बसली, पुस्तक घेतले. ३.२४ उठली (बाळ पडले).

त्या दिवशी मांदेली आली होती. मांदेली साफ करायला किती वेळ लागतो हे खाणाऱ्यांना ठाऊक नसते. वहीत मधले तासभर ‘चाची बसली’ लिहावे की नाही यावर मुलगी अडली, कारण चाची विळीपुढे बसलेलीच होती. शेवटी तिने ते धरले नाही. आम्हाला तो निवाडा बरोबर वाटला.

इशाच्या अजानपर्यंत ‘बसली’ हा शब्द १९ वेळा आला. सगळ्या वेळांची बेरीज २ तास ४० मिनिटे. सर्वांत लांब बसणे २२ मिनिटांचे, आणि तेही बाळ दूध पिता पिता मांडीवर झोपले म्हणून. ते काढले तर बाकीची बसणी सात-आठ मिनिटांची.

म्हणजे मालकांचे म्हणणे बेरजेत खरेच निघाले. २ तास ४० मिनिटे! त्यात दोन काय, दहा पाने वाचून होतील. पण पुस्तक उघडायचे, कालची ओळ शोधायची, आधी काय वाचले ते आठवायचे, यातच चार मिनिटे जातात. पाचव्या मिनिटाला कुठे अर्थ लागू लागतो, तोच हाक येते. तांदळाची उकड काढताना मध्येच कोणी उठवले तर काय होते ते आपण सगळ्या जाणतो. परत येऊन तीच उकड मळता येत नाही, भाकरी चिरतात. तुकड्यातुकड्यांनी मिळालेल्या वेळाचे असेच होते. त्यात लसूण सोलून होतो, कपड्यांच्या घड्या होतात, मोबाईलवर कोणाच्या तरी लग्नाचे फोटो बघून होतात. दोन तासांचे एकसंध काम होत नाही. ‘बाया दिवसभर मोबाईल बघतात’ असे म्हणतात ना, त्याचे एक कारण हेही आहे. सात मिनिटांत दुसरे काय मावते?

आणि कान वहीत आलेच नाहीत. बसलेली असतानाही कान कुकरच्या शिट्टीकडे, टाकी भरत आलेल्या मोटारीकडे, आतल्या खोलीतल्या खोकल्याकडे. कानांना सुट्टी नसते.

सासूबाईंना वही वाचून दाखवली तेव्हा त्या हसल्या. “आमच्या वेळी विहिरीवरून पाणी, पाट्यावर वाटण, जात्यावर दळण. तुमचे काय, बटण दाबले की झाले.” यात खोटे काही नाही. त्यांच्या हाडांनी जे सोसले ते आमच्या वाट्याला आले नाही. पण थोड्या वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या, “एक मात्र होते. विहिरीवर गेले की तासभर कोणी हाक मारायला येत नसे.”

हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. पाणी नळाने घरात आले, वाटण मिक्सरमध्ये आले, कष्ट कमी झाले, अल्हमदुलिल्लाह. पण त्याबरोबर बाई दिवसभर हाकेच्या टप्प्यात आली. शिवाय वाचलेल्या वेळात नवी कामे आली. पूर्वी एक कालवण नि भाकरी पुरे होती, आता मुलांचा डबा वेगळा, सासऱ्यांचे बिनतिखटाचे वेगळे. शाळेचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, त्यावर रात्री नऊ वाजता उद्याच्या हस्तकलेचा निरोप येतो. आणि कतारचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. तिकडे ड्युटी संपून, जेवण होऊन नऊ वाजता फोन लागतो तेव्हा इथे साडेअकरा झालेले असतात. त्या फोनची आम्ही दिवसभर वाट बघतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण फजर काही अडीच तास उशिरा होत नाही.

आमची वही म्हणजे एका घराची, एका दिवसाची. सरकारनेही असे मोजमाप केले आहे, आणि ते देशभर. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये ‘वेळ वापर सर्वेक्षण’ केले. आदल्या पहाटे चारपासून त्या पहाटे चारपर्यंत काय काय केले ते घरोघरी विचारले. २०१९ मध्ये घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पण त्या दिवशी असे काम केलेल्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांची नऊ. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे यात नाही, ते वेगळे मोजतात.

हे आकडे वर्तमानपत्रांत येऊन गेले. आम्हाला मात्र दुसरीच ओळ लागली. करमणूक, वाचन, टीव्ही, खेळ यांत २०२४ मध्ये पुरुषांचे दिवसाला १७७ मिनिटे आणि स्त्रियांचे १६४ मिनिटे जात होती. अवघा तेरा मिनिटांचा फरक! यात नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या, घरी असणाऱ्या सगळ्याच स्त्रिया आहेत. तरी कोणी म्हणेल, बघा, बायकांनाही तेवढाच विरंगुळा मिळतो. आमच्या वहीतले २ तास ४० मिनिटे म्हणजे १६०, त्याच्या अगदी जवळचे. पण सर्वेक्षणात दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे करतात, आणि एका कप्प्यात अनेक कामे असतील तर दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त चाललेले काम नोंदवतात. आता वहीत बघा. फोनसाठी उठणे, दूध उतरवणे, सासऱ्यांना गोळी देणे, बाळाचे नाक पुसणे, दारावरच्याला पैसे देणे, यांतले एकही दहा मिनिटांचे नाही. दिवस भरतो तो याच कामांनी, आणि हीच कामे कोणत्याही कप्प्यात बसत नाहीत. विरंगुळ्याला भोके पाडतात तीही हीच.

न्यायालयांनी मात्र या कामाची किंमत मान्य केली आहे. जमशेदपूरला १९८९ मध्ये लागलेल्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये महिना ३,००० रुपये धरले. ५ जानेवारी २०२१ रोजी एका अपघात भरपाईच्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी हेच २९९ मिनिटांचे आकडे देऊन गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे असे सांगितले. चांगलेच झाले. फक्त दोन्ही वेळा हिशेब झाला तो बाई या जगातून गेल्यावर.

हजरत फातिमा (र.) यांची हकीकत आपण सगळ्यांनी बयानात ऐकली आहे. जाते ओढून हातांना घट्टे पडले, म्हणून त्या मदतनीस मागायला वडिलांकडे गेल्या. प्रेषित (स.) घरी नव्हते. मग रात्री ते स्वतः मुलीच्या घरी आले आणि झोपताना म्हणायची तस्बीह शिकवली. बायकांनी सबर करावा हे सांगायला ही हकीकत नेहमी वापरतात. आम्हाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. मुलगी थकली आहे हे कळताच बाप त्याच रात्री तिच्या घरी चालत आला. तू तर दिवसभर घरीच असतेस, असे तिला कोणी म्हटले नाही. आणि प्रेषित (स.) घरात काय करत, असे हजरत आयेशा (र.) यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. हे मात्र बयानात फार क्वचित ऐकू येते.

असो. वहीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले.

त्याच रात्री मुलीने व्हिडिओ कॉलवर चाचांना सगळी वही वाचून दाखवली. ‘चाची बसली, चाची उठली’ ऐकून ते आधी खूप हसले. मग २.५० ची ओळ आली तेव्हा म्हणाले, “थांब. तो फोन माझाच होता ना? रेशनकार्डाचा फोटो मागितला होता मी.” थोडा वेळ कोणीच बोलले नाही. “मग करायचे काय?” त्यांनी विचारले. कामाला बाई ठेवा, पैसे पाठवतो, असेही म्हणाले. पण कामवाली आली तरी हाक मारली जाणार धाकटीलाच.

तोड काढली ती सासूबाईंनी. बहुतेक विहीर त्यांच्या डोक्यात राहिली असावी. दोन घरे सोडून एक खाला एकट्या राहतात, त्यांची माडी रिकामी असते. असरनंतर मोठी मुले मकतबला जातात. तेवढा वेळ, मगरिबच्या अजानपर्यंत, धाकटीने माडीवर जायचे. मोबाईल घरी ठेवायचा. सवा तास, रोज, जुम्मा सोडून.

हे सगळे अलगद झाले असे नाही. तो सवा तास कोठून तरी यायचा होताच, आणि त्यातला बराचसा मोठीच्या वाट्यातून गेला. बाळ त्या वेळी नेमके रडते. मोठीची बसणी वहीत मांडली तर आता बाराच्या वर जाणार नाहीत, आणि तिच्या पाळीचे काय हा प्रश्न घरात अजून कोणी काढलेला नाही. मुलगी म्हणते, पुढच्या सुट्टीत मी अम्मीची वही करणार. सासरे संध्याकाळचा चहा स्वतः करून घेतात. साखर जास्त पडते म्हणून सासूबाई ओरडतात, पण करून देत नाहीत. दोनदा पाहुणे आले, “धाकटी दिसत नाही?” म्हणाले, आणि “अभ्यासाला गेली” असे सांगताना आम्हीच जरा ओशाळलो. कशाला ओशाळलो कोण जाणे.

पहिल्या आठवड्यानंतर खालांनी आम्हाला गुपचूप सांगितले, “तुमची धाकटी वरती वाचत नाही हां. पुस्तक उघडते आणि त्यावरच डोके टेकून झोपते. मगरिबला मी उठवते.”

सासूबाईंनी ते ऐकले. म्हणाल्या, “झोपू दे. उशी नेऊन दे तिला.”

उशी आम्ही नेऊन दिली. पुस्तक आता अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आहे. परीक्षा उन्हाळ्यात.