घरचा कोको : पेल्यातील साखरेचा हिशेब

हिवाळा सुरू झाला की संध्याकाळच्या चहा-कॉफीच्या जोडीला गरम कोकोची आठवण होऊ लागते. नुसते दूध पाहून नाक मुरडणारी मुले कोको घातलेले दूध मात्र आनंदाने पितात. त्यामुळे अनेक घरांत ‘ड्रिंकिंग चॉकलेट’चा डबा आता वर्षभर असतो आणि त्याकडे पौष्टिक पदार्थ म्हणून पाहिले जाते. कर्जाच्या करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्यातील बारीक अक्षरे वाचावीत, असा सल्ला आम्ही बँक कर्मचारी ग्राहकांना नेहमी देत असतो. तोच सल्ला स्वयंपाकघरातील डब्यांनाही लागू पडतो. या डब्याच्या मागील बाजूचा मजकूर वाचल्यास मुलांच्या पेल्यात कोको कमी आणि साखर अधिक जात असल्याचे बहुधा आढळून येईल.

बियांचे चलन, बियांचे पेय

कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्याचे. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोकांच्या बाजारात कोकोच्या बिया चलन म्हणून वापरल्या जात. बिया पोकळ करून त्यांत माती भरणारे व असे खोटे चलन खपविणारे महाभागही तेथे होते. या बियांपासून होणारे त्यांचे पेय कडसर असे. त्यात दूध नसे व उसाची साखरही नसे. पुढे हे पेय युरोपात गेले आणि तेथे त्यात साखर मिसळू लागली. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हौटेन यांनी भाजलेल्या बिया दाबून त्यांतील बरीचशी चरबी वेगळी करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मागे उरणाऱ्या चोथ्याची पूड म्हणजेच आजची कोको पावडर.

हे पीक आपल्या देशालाही परके नाही. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांतून कोकोचे आंतरपीक घेतले जाते. शेतकऱ्यांच्या ‘कॅम्पको’ या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना कर्नाटकातील पुत्तूर येथे १९८६ पासून आहे.

डब्याचा ताळेबंद

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. ज्या डब्यावर पहिले नाव साखरेचे असेल, त्यात सर्वांत जास्त वजन साखरेचेच असते. शेजारच्या पोषण-तक्त्यात दर १०० ग्रॅमला किती साखर, हेही दिलेले असते. उदाहरणादाखल, हा आकडा ७० ग्रॅम आहे असे धरू. दोन शीगभरले चमचे म्हणजे सुमारे १५ ग्रॅम पूड पेल्यात घातली, तर साडेदहा ग्रॅम साखर पोटात जाते. सवयीने वरून आणखी एक चमचा साखर घातली की हा आकडा पंधरा ग्रॅमच्या पुढे जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार, वरून मिसळलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत राखावी. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत ही ५ टक्क्यांची मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे एवढी येते. लहान मुलांचे उष्मांकच कमी असल्याने त्यांची मर्यादाही कमी. बिस्किटे, जॅम व सरबते यांचा खर्च याच खात्यातून व्हावयाचा असतो, हे विसरून चालणार नाही.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स संकेतस्थळांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून वगळण्याची सूचना दिली. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये ‘हेल्थ ड्रिंक’ची व्याख्याच नाही, हे त्यामागील कारण होते.

पावडरची निवड

घरी कोको करावयाचा असल्यास घटकांत केवळ कोको असलेली, बिनसाखरेची पावडर आणावी. तिचे दोन प्रकार असतात. नैसर्गिक पावडर फिकट तपकिरी व किंचित आंबूस असते. दुसऱ्या प्रकारावर क्षारांची प्रक्रिया केलेली असते; त्यामुळे रंग गडद व चव सौम्य होते, परंतु कोकोतील ‘फ्लॅव्हॅनॉल’ हे उपयुक्त घटक बरेच घटतात. वेष्टनावर आम्लता-नियंत्रक म्हणून ५०१ हा क्रमांक दिसल्यास पावडर या दुसऱ्या प्रकारची समजावी. शक्य तेथे नैसर्गिक पावडरला पसंती द्यावी.

कृती

साहित्य (दोन पेल्यांसाठी) : दूध ४०० मिलिलिटर, कोको पावडर ४ सपाट चहाचे चमचे (सुमारे १० ग्रॅम), साखर २ चमचे, चिमूटभर मीठ, जायफळ किंवा दालचिनीची पूड चवीपुरती.

कोको दुधात साखरेसारखा विरघळत नाही. त्याचे कण दुधात तरंगत राहतात. कोरडी पूड थेट गरम दुधात टाकली की बाहेरचा थर भिजून चिकट होतो, आतील पूड कोरडीच राहते आणि गुठळ्या होतात. म्हणून प्रथम पातेल्यात कोको, साखर व मीठ कोरडेच एकत्र करावे. साखरेच्या दाण्यांमुळे कोकोचे कण सुटे होतात. त्यात चार-पाच चमचे गरम पाणी घालून गुळगुळीत लेप करावा आणि मंद आचेवर मिनिटभर शिजवावा. यामुळे कच्चटपणा जातो. मग दूध थोडे थोडे घालत ढवळावे व उकळी आल्यावर आणखी दोन मिनिटे आटू द्यावे. शेवटी जायफळ घालावे. चिमूटभर मिठामुळे कडवटपणा कमी जाणवतो, त्यामुळे साखरही कमी पुरते.

दाटपणा हवा असल्यास कॉर्नफ्लोअरऐवजी एक चमचा नाचणीचे सत्त्व थंड पाण्यात कालवून उकळत्या दुधात घालावे. साखरेऐवजी खारकेची पूड वापरल्यास गोडीबरोबर तंतूही मिळतात. गूळ वापरावयाचा झाल्यास पातेले खाली उतरवून दूध जरा निवल्यावरच घालावा, अन्यथा दूध नासण्याचा संभव असतो. मात्र गूळ काय किंवा खारीक काय, मधुमेही व्यक्तींनी त्यांची गणना साखरेतच करावी.

या प्रमाणात एका पेल्यात वरून घातलेली साखर केवळ पाच ग्रॅम येते, म्हणजे वरील उदाहरणाच्या निम्म्याहूनही कमी. दर आठवड्यास पाव चमचा कमी करीत गेल्यास जिभेला ते फारसे जाणवत नाही.

मर्यादा ओळखाव्यात

कोको हे औषध नव्हे. अमेरिकेतील ‘कॉसमॉस’ या चाचणीत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांचा सहभाग होता. काहींना दररोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल असलेला कोकोचा अर्क गोळ्यांच्या रूपात देण्यात आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हृदयरोगामुळे होणारे मृत्यू त्या गटात कमी आढळले. परंतु हृदयविकाराच्या एकूण घटनांत लक्षणीय घट सिद्ध झाली नाही. सबब एका पेल्याकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. कोकोत थोडे कॅफिन व त्याच जातीचे थिओब्रोमिन असल्याने मुलांना तो ऐन झोपेच्या वेळी देऊ नये. ऑक्झलेटच्या मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक बाब व्यवहाराची. तयार मिश्रणात आपण साखर कोकोच्या भावाने विकत घेत असतो. घरी मात्र कोको, दूध व साखर यांची खाती वेगवेगळी राहतात आणि कोणत्या खात्यात किती टाकावयाचे, हे आपल्या हाती असते. बचतीची सवय लहानपणी लागली तर ती जन्मभर पुरते. कमी गोडाची आवडही तशीच आहे. पुढील खरेदीच्या वेळी डबा उलटून घटकांतील पहिले नाव तेवढे अवश्य वाचावे.