हलकी रायफल, जड धक्का

केडगावच्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमासाठी आम्ही गेलो होतो. नगर हे लष्कराचे गाव. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून येथे आहे. त्यामुळे बंदुकीच्या गोष्टी इथल्या मुलांना नव्या नाहीत. एनसीसीत असलेल्या एका मुलीने विचारले, "सर, शिबिरात आम्हाला रायफल चालवायला मिळणार आहे. रायफल हलकी असली तर धक्काही कमी बसेल ना?" वर्गातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या, मागे उभ्या असलेल्या दोघा शिक्षकांनीसुद्धा.

गंमत अशी की, हीच मुले संवेग अक्षय्यतेच्या सिद्धान्तावरचे बंदुकीचे गणित सोडवून मोकळी झालेली होती. गणित सुटले, पण त्याचा अर्थ हाती आला नव्हता. म्हणून फळ्यावर पुन्हा तेच गणित घेतले, या वेळी खऱ्या रायफलींचे आकडे घालून.

धक्क्याचे गणित

एनसीसीच्या सरावात वापरली जाणारी पॉइंट टू-टू रायफल सुमारे पावणेतीन किलो वजनाची असते. तिची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असून सुमारे ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते. गोळीचा संवेग ०.८६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद एवढा होतो. तेवढाच संवेग उलट दिशेने रायफलीला मिळतो. म्हणजे रायफल मागे येते ती ताशी जेमतेम एक किलोमीटरच्या वेगाने. तिची ऊर्जा ज्यूलच्या सातव्या-आठव्या भागाएवढीच असते. खांद्याला ती जाणवते न जाणवते.

आता पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री घ्या. वजन सुमारे ४ किलो, गोळी ११.३ ग्रॅमची, वेग सुमारे ७४५ मीटर प्रति सेकंद. येथे एक गोष्ट विसरून चालत नाही. गोळीच्या मागोमाग जळलेल्या दारूचा वायूही नळीतून बाहेर फेकला जातो, आणि तो गोळीपेक्षाही वेगाने जातो. दोन्ही मिळून संवेग ११.३ च्या आसपास भरतो. रायफलीचा मागे येण्याचा वेग २.८ मीटर प्रति सेकंद आणि ऊर्जा १६ ज्यूल होते. पॉइंट टू-टूच्या शंभरपटीहून अधिक!

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात याच काडतुसासाठी एक हलकी, आखूड रायफल तयार झाली. 'जंगल कार्बाइन' या नावाने ती ओळखली जाते. तिचे वजन सुमारे ३.२ किलो, म्हणजे एक पंचमांशाने कमी. आखूड नळीमुळे गोळीच्या वेगात पडणारा थोडासा फरक सोडून दिला, तर गोळीचा संवेग तोच राहतो. पण रायफल आता ३.५ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे येते आणि तिची ऊर्जा २० ज्यूल होते. वजन पाचव्या हिश्शाने घटले, धक्क्याची ऊर्जा मात्र पाव पटीने वाढली. दस्त्याला रबरी गादी बसवूनही ही रायफल तिच्या धक्क्यासाठीच बदनाम झाली.

तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली, तर धक्का वाढतो. धक्का कमी करायचा असेल, तर हलके काडतूस घ्यावे.

मग हलकी रायफल हवी कोणाला?

दिवसभर डोंगरदऱ्या चढून एखादीच गोळी झाडणाऱ्या शिकाऱ्याला रायफल हलकी हवी असे. तो काळ आपल्याकडे संपला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. नगर जिल्ह्यातच कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य करावे लागले, यावरून गवताळ रानांची काय अवस्था झाली होती ते कळते.

आज आपल्या मुलांच्या हाती रायफल येते ती एनसीसीत किंवा नेमबाजीच्या खेळात. खेळाचे नियम पाहिले, तर तेथे रायफलीच्या वजनाला कमाल मर्यादा घातलेली आढळते. दहा मीटर एअर रायफलसाठी ती ५.५ किलो, तर पुरुषांच्या ५० मीटर रायफलसाठी ८ किलो आहे. जड रायफल सहजासहजी हलत नाही आणि धक्क्यानेही कमी विचलित होते. म्हणून मर्यादा वरच्या बाजूने घालावी लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत. तेथील लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते.

मार नंतर, चूक आधी

गोळी नळीत असताना रायफल किती मागे सरकते? थ्री-नॉट-थ्रीची नळी सुमारे ६० सेंटिमीटर लांब धरली, तर वस्तुमानांच्या गुणोत्तरावरून उत्तर येते जवळपास २ मिलिमीटर. म्हणजे खांद्याला खरा धक्का जाणवेपर्यंत गोळी निघून गेलेली असते. मग धक्क्याला भिणाऱ्याचा नेम का चुकतो? कारण भीती गोळीच्या आधी येते. डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, चाप हळूच ओढण्याऐवजी हिसकला जातो. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ लागतो. म्हणूनच नवशिक्याने सुरुवात एअर रायफल किंवा पॉइंट टू-टूने करावी.

दस्ता खांद्यात घट्ट का धरायचा, हेही याच गणितातून कळते. दस्ता सैल धरला, तर रायफल आधी वेग घेते आणि मग हाडावर आदळते. घट्ट धरला, तर शरीराचे वस्तुमान रायफलीला जोडले जाते. १६ ज्यूल ऊर्जा २ सेंटिमीटरमध्ये थोपवायची, तर सरासरी ८०० न्यूटन बल लागते. ४ सेंटिमीटरमध्ये थोपवली, तर त्याच्या निम्मे. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, तेच काम रबरी गादी आणि सैल न सोडलेला, पण ताठरही न केलेला खांदा करतो. दस्त्याची लांबीही पाहावी. दस्ता कोपराच्या खळगीत टेकवल्यावर बोट चापापर्यंत सहज पोचले पाहिजे.

कानाला दुसरी संधी नाही

खांदा दुखला तर चार दिवसांत बरा होतो. कानाचे तसे नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. कॉलेजात असताना आम्ही एनसीसीत होतो. चांदमारीच्या वेळी कानात फार तर कापसाचा बोळा घालत. मोठ्या रायफलीच्या सरावानंतर दोन दिवस कानात बारीक शिटी वाजत राहिली. मग ती थांबली आणि आम्ही विसरूनही गेलो. अनेक वर्षांनी श्रवणचाचणी केली, तेव्हा आलेखात ४००० हर्ट्झपाशी खळगा दिसला, तोही डाव्या कानात जास्त. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कधी बंदूक चालवली होती का?" उजव्या खांद्यावर रायफल टेकवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, तर उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो.

आतल्या कानात सुमारे १५ ते १६ हजार केसपेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजात कानातले स्नायू ताणले जाऊन थोडे संरक्षण मिळते. पण त्याला सेकंदाचा दहावा हिस्सा लागू शकतो, आणि बंदुकीचा आवाज काही सहस्रांश सेकंदातच काम उरकतो. साधे बोलणे ६० डेसिबलचे, तर मोठ्या रायफलीचा आवाज १६० च्या आसपास. दर २० डेसिबलला ध्वनिदाब दहापट होतो, म्हणजे हा दाब बोलण्याच्या लाखपट झाला. पॉइंट टू-टूचा आवाजही १४० डेसिबलच्या जवळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी १४०, तर मुलांसाठी १२० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. रायफल हलकी करताना नळी आखूड केली, तर आवाजाचा उगम कानाच्या आणखी जवळ येतो आणि वायूही जास्त दाबाने बाहेर पडतो.

आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. 'साठ' मधला 'स' निसटतो आणि 'आठ' ऐकू येते. वर्गात असा मुलगा दुर्लक्ष करतो, असे आपल्याला वाटत राहते.

उपाय महाग नाही. फोमचे बोळे बोटांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. वरून कानटोपासारखे श्रवणरक्षक घातले की आणखी सुमारे ५ डेसिबल वाचतात. मात्र चष्म्याची काडी किंवा केस मध्ये आल्यास फट राहते. कापसाचा जवळजवळ उपयोग नाही. मोबाइलवरील आवाजमापकावर तर विसंबूच नये. त्याचा मायक्रोफोन एवढ्या दाबाला पुरत नाही आणि आकडा फसवा, कमी दिसतो.

वर्गात करण्यासाठी

खेळण्यातल्या गाडीवर दोन खिळ्यांत रबर ताणून दोऱ्याने बांधावे, पुढे गोटी ठेवावी आणि दोरा काडीने जाळावा. गाडी किती मागे जाते ते मोजावे. मग वाळू घालून गाडीचे वजन दुप्पट करून पुन्हा मोजावे. अंतर सुमारे चौथ्या हिश्शावर येते. का, ते मुलांनाच शोधू द्यावे. गोटीच्या वाटेत कोणी उभे राहू नये.

केडगावच्या त्या मुलीला आम्ही इतकेच सांगितले: रायफलीच्या वजनाची काळजी करू नकोस. शिबिराला जाताना दप्तरात बोळ्यांची जोडी ठेव, आणि शेजारी झोपून नेम धरणाऱ्या मैत्रिणीसाठी आणखी एक. तिच्या रायफलीचा आवाज तुझ्याही कानात शिरणार आहे.