दुखत नाही, तेव्हाच तपासायचं



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत मी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचा विषय काढला. आधी दोन मिनिटं नुसती शांतता. मग मागून एक आक्का म्हणाल्या, "मॅडम, दुखत नाय, खुपत नाय, मग उगं दवाखान्यात जाऊन नसतं मागं कशाला लावून घ्यायचं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं नीट देता आलं नाही. ते आज लिहून देते.

त्याआधी आपल्याच एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांनीच सांगितलं, "माझं लिही, पण नाव नको."

या ताईंनी गटातून शेळीसाठी अंतर्गत कर्ज घेतलं. दोन महिन्यांनी मी पडताळणीला गेले, तर दारात शेळी नाही. मी रागावले. "कर्ज ज्या कारणाला घेतलं त्याच कारणाला वापरायचं असतं," असं चार बायकांसमोर सुनावलं. ताई खाली मान घालून ऐकत राहिल्या. खरी गोष्ट अशी होती की त्यांची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं होतं. वर्षभर त्या एका खासगी दवाखान्यात गोळ्या-इंजेक्शनं घेत होत्या. शेळीचे पैसे तिकडंच गेले. त्या वर्षभरात एकदाही कुणी आतून तपासणी केली नाही. ताईंनी लाजेनं म्हटलं नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या तेव्हा रोग तिसऱ्या टप्प्यावर होता. आता त्यांचा उपचार चालू आहे.

मी एम.एस.डब्ल्यू. केलंय. तरी त्या दिवशी "शेळी कुठाय?" एवढंच मी विचारलं. "ताई, तब्येत कशी आहे?" हे विचारलं नाही. हा लेख त्यामुळं लिहितेय.

हा रोग होतो कसा?

गर्भपिशवीच्या तोंडाच्या जवळजवळ सगळ्या कर्करोगांमागं एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक लोकांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. त्यामुळं कुणाच्या वागण्यावर बोट दाखवायचं कारण नाही. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात मात्र ठाण मांडून बसतो. मग तिथल्या पेशी हळूहळू बदलतात. त्या बदलापासून कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात.

आक्का, तुमचं उत्तर इथंच आहे. या दहा-पंधरा वर्षांत काहीच दुखत नाही. दुखायला लागतं, रक्त जायला लागतं, तेव्हा बऱ्याचदा ती वर्षं संपलेली असतात. भिंतीला आतून वाळवी लागली तर चौकट पडल्यावर बघून काय उपयोग? पण वेळेत दिसलं तर ती बदललेली जागा थंड करून किंवा उष्णता देऊन तिथंच नष्ट करता येते. काही मिनिटांचं काम असतं. पिशवी काढावी लागत नाही, दवाखान्यात राहावं लागत नाही.

आपल्याच गावांनी जगाला शिकवलं

तपासून खरंच जीव वाचतो का, याचा मोठा पुरावा अमेरिकेतून नाही, आपल्या मराठवाड्यातून आला. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ च्या शेवटी तिथं एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने हे त्यातले प्रमुख. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. सगळ्या खेड्यातल्या, तुमच्या-आमच्यासारख्या.

नवं बियाणं आलं की आपण सगळं रान एकदम पेरत नाही. एका पट्टीत नवं, शेजारच्या पट्टीत जुनं, आणि मग उतारा बघतो. तसंच इथं केलं. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार गटांत वाटणी केली. एका गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी. दुसऱ्यात पेशींची तपासणी, जिला पॅप म्हणतात. तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे साध्या व्हिनेगरसारख्या पातळ आम्लानं केलेली तपासणी. चौथ्या गटाला फक्त माहिती दिली आणि नेहमीच्या सरकारी सेवा चालू राहिल्या. नमुने घेण्याचं आणि व्हीआयएचं काम मोठ्या डॉक्टरांनी नाही, प्रशिक्षण दिलेल्या नर्सताईंनी केलं.

आठ वर्षं या बायकांवर लक्ष ठेवलं. निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यातल्या ३४ या कर्करोगानं गेल्या. फक्त माहिती दिलेल्या गटात ३१,४८८ बायका होत्या, त्यातल्या ६४ गेल्या. एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. रोग पुढच्या टप्प्यावर गेल्यावर सापडलेल्या बायका पहिल्या गटात ३९ होत्या, दुसऱ्यात ८२.

पॅप आणि व्हीआयए एकदाच केलेल्या गटांत मात्र मृत्यूत अशी स्पष्ट घट दिसली नाही. मग व्हीआयए बिनकामाची का? तसं नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटानं ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांवर असाच अभ्यास केला. तिथं तपासणाऱ्या दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्य सेविका होत्या, त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेलं. त्यांनी व्हीआयए एकदा नाही, दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली. बारा वर्षांनी हिशेब केला तर या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते.

याच सेविकांनी हातानं स्तनांची तपासणीही केली. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तेवढा फरक दिसला नाही.

एक गोष्ट लपवत नाही. या अभ्यासांवर टीकाही झाली. ज्या गटांची तपासणी केली नाही, त्या बायकांचं काय, असा प्रश्न लोकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. तो ६४ चा आकडा मी वाचते तेव्हा मला ६४ घरं दिसतात. त्या बायकांच्या जिवावर जगाला हे ज्ञान मिळालं. ते आपण वापरलं नाही तर त्यांचं जाणं फुकट गेलं म्हणायचं.

आणि आपण ते वापरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, ही तपासणी कधी केली का? देशात शंभरातल्या दोघीही 'हो' म्हणाल्या नाहीत. १.९ टक्के. स्तन आणि तोंडाच्या तपासणीचा आकडा तर एक टक्काही नाही.

तपासणीत नेमकं काय करतात?

सगळ्यात जास्त भीती याचीच असते म्हणून सांगते. तुम्हाला टेबलावर झोपवतात, चादर पांघरतात. एक उपकरण घालून नर्सताई पिशवीचं तोंड बघतात. कापसानं पातळ आम्ल लावतात आणि एक मिनिट थांबतात. थोडं चुरचुरल्यासारखं वाटेल. बदललेली जागा असेल तर ती पांढरी दिसते. संपलं. कापाकापी नाही, भूल नाही.

पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. पुढं नीट तपासायचं, एवढाच त्याचा अर्थ. आणि काही दिसलं नाही म्हणजे जन्मभराची सुटका झाली असंही नाही. सांगितलेल्या मुदतीला परत जायचं. पाळी चालू असताना मात्र जाऊ नका.

कुठं जायचं?

सरकारच्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड यांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. सुरुवात आशाताईंच्या फॉर्मपासून होते. त्या घरी येऊन प्रश्न विचारतात तेव्हा "काही नाही, काही नाही" म्हणून सगळीकडं फुल्या मारून घेऊ नका. खरं सांगा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंना आधी विचारून घ्या, म्हणजे मजुरी बुडवून हेलपाटा पडणार नाही. पुढं कर्करोगाचा उपचार लागलाच, तर तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत मिळतो. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

तपासणीची तारीख यायची वाट न बघता लगेच दाखवायचं, ते हे:

- पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, एकदा जरी गेलं तरी
- दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं
- घाण वासाचं पांढरं-लाल पाणी जाणं
- स्तनात गाठ, कातडीला खळी, बोंड आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं
- तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणं

शेवटचा मुद्दा मिश्री लावणाऱ्या सगळ्यांसाठी. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. "मी तंबाखू खात नाय, नुस्ती मिश्री लावते," हे आता बंद करायचं.

आणि दवाखान्यात गेल्यावर गोळ्या लिहून दिल्या, तर एक वाक्य पाठ करून ठेवा: "डॉक्टर, माझी आतून तपासणी करायची का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आपल्या ताईंच्या त्या वर्षभरात हे एक वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं.

गटानं काय करायचं?

एकटीला पाठवलं तर ती जात नाही. घरचं काम, नवऱ्याची परवानगी, लाज, सगळं आडवं येतं. बँकेत आपण पहिल्यांदा गेलो ते दहाजणी मिळूनच ना? तसंच इथं करू. पुढच्या मासिक बैठकीत हे चार विषय इतिवृत्तात लिहा:

१. गटातल्या तिशीच्या पुढच्या सगळ्याजणींची यादी. कुणाची तपासणी झाली, कुणाची राहिली.
२. आशाताईंना बैठकीला बोलावणं आणि तपासणीचा दिवस ठरवणं.
३. त्या दिवशी मिळून जाणं. अध्यक्ष-सचिवांनी पहिला नंबर लावायचा.
४. आजारपणासाठी कर्ज हवं असेल तर कारण 'आजारपण' असंच लिहायचं. शेळी लिहायची नाही. गटानं त्यावर नाक मुरडायचं नाही आणि बाहेर बोलायचं नाही.

चौथा मुद्दा माझ्यासाठीही आहे. इथून पुढं पडताळणीला आले की आधी तब्येत विचारीन, मग शेळी.

गेल्या आठवड्यात त्या ताईंना भेटायला गेले होते. किरणं घेऊन थकलेल्या होत्या, पण चहा केला. माफी मागितली तर म्हणाल्या, "तू ओरडलीस त्याचं काय नाय गं. मी त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं." मग सुनेकडं बघून म्हणाल्या, "हिला घेऊन जा आधी."

सून बत्तीस वर्षांची आहे. तिला काही दुखत नाही. येत्या मंगळवारी आम्ही जातोय.

तुमची,
क्षेत्र समन्वयक